निम्मा माग

आमच्या आप्पाशी भांडण करणं अशक्य होतं. म्हणजे सुरू करता यायचं, पुरं करता यायचं नाही. आवाज चढले, हातवारे सुरू झाले, समोरचा माणूस ऐन रंगात आला की आप्पा मधेच हात वर करायचा, "थांब, माग काढून येतो," म्हणायचा आणि पायांत वहाणा सरकवून चालू लागायचा. समोरचा तोंड उघडं ठेवून उभा. गारखेड्यात आम्ही ज्या खालाच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, ती खाला नळाच्या पाण्यावरून भांडायला कंबर कसून यायची आणि दर वेळी दारातून ओरडत राहायची, "कां जारे बा? बात तो पूरी करो!" आप्पा तोवर कोपऱ्यावर पोचलेला असायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या दारात उभा. "खाला, मी माग काढला. नळ माझ्याकडूनच उघडा राहिला होता. पण बादली तुम्ही पाडली." खालाचा राग तोवर विरून गेलेला. "अब जाने दो ना, मैं तो भूल गई," ती म्हणायची. आप्पाची मात्र तिथून सुरुवात असायची.

मोठी माय, म्हणजे आप्पाची बायको, कपाळावर हात मारून घ्यायची. "नवरा मिळाला, पण भांडाया माणूस नाय मिळाला मला!"

गल्लीत आप्पाचं नाव 'मागकाढे' पडलं ते आडनावासारखं चिकटलं. कोपऱ्यावरचा वाणी मला 'मागकाढ्यांची पोरगी' म्हणायचा. शाळेत नव्या आलेल्या बाईंनी एकदा हजेरीला तेच आडनाव पुकारलं आणि मी "हजर" म्हणून मोकळी झाले. खरं तर मी आप्पाची पोरगी नव्हे, पुतणी. गावात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून माझ्या वडिलांनी, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, मला त्यांच्या थोरल्या भावाकडं शहरात ठेवलं होतं. आप्पाला मूलबाळ नव्हतं. त्याला मी अरे-तुरे करायची. त्यानं कधी हरकत घेतली नाही, मोठ्या मायनं मात्र पाठीत धपाटे घातले.

आता घरात लग्न असो की बारसं, जेवणं उरकली की पोरंटोरं माझ्याभोवती येतात. "आत्या, आप्पाची गोष्ट सांग." गुडघे गेले तरी हिची जीभ काही जात नाही, असं आमचे हे म्हणतात, ते खरंच आहे. मी सांगते. पण सांगते ती खालापर्यंतचीच, हसायची. पुढची मांडवात सांगण्यासारखी नाही.

तर माग. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, भावकी अजून तिथंच आहे. आमच्यात एक रीत होती. संध्याकाळी कळपात एखादं मेंढरू दिसलं नाही, तर ओरडा करायचा नाही, लांडग्याला शिव्या द्यायच्या नाहीत, शेजारच्या कळपावर आळ घ्यायचा नाही. राखणाऱ्यानं आधी आपल्याच पावलांवरून उलटं चालत जायचं. कुठं बसलो, कुठं डोळा लागला, कुठं कुणाशी गप्पा हाणत उभं राहिलो. जिथं आपलं ध्यान सुटलं ती जागा सापडली, की तिथून पुढं मेंढराचा माग काढायचा. आधी आपला, मग मेंढराचा. "मेंढरू हरवत नसतंय, राखणाऱ्याचं ध्यान हरवतंय," असं आप्पाचा आजा म्हणायचा म्हणे. आप्पा त्या आज्याच्या हाताखाली तयार झालेला. खडकावरून गेलेल्या मेंढीचाही माग तो काढायचा. खुरानं उलटलेला एखादा खडा त्याला पुरायचा.

मेंढरं सुटली, पण रीत सुटली नाही. चिकलठाण्याकडं ज्वारीच्या रानांत पत्र्याच्या शेड उभ्या राहू लागल्या, कारखान्यांचे भोंगे वाजू लागले, तसा आप्पा कळप दादांच्या स्वाधीन करून शहरात आला आणि एका कारखान्यात प्रेसवर लागला. पत्रा ठेवायचा, दाब पडला की काढायचा, पुढचा ठेवायचा. अंगावर खाकी, नखांत काळं तेल. पण भाजी खारट झाली, सायकल पंक्चर झाली, साहेब ओरडला, की आप्पा आपला उलटा चालत निघालेला.

मलाही त्यानं सोडलं नाही. सातवीत मी गणितात नापास झाले. घरी येऊन सांगितलं, गुरुजी मुद्दाम अवघड विचारतात. आप्पानं मारलं नाही, रागावलाही नाही. "सुमे, माग काढून ये," एवढंच म्हणाला. मी ओट्यावर बसून काढायला लागले. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठं होते? मैत्रिणीकडं. त्याच्या आधी? देवळापुढं. त्याच्या आधी? असं करत करत मी जी पोचले ती शाळेच्या फाटकाजवळच्या चिंचा-बोरांच्या गाडीपाशी, आणि त्याआधीच्या सगळ्या दिवसांचा माग तिथंच येऊन थांबत होता. आप्पाला तसं सांगितलं. तो हसला. "गावला ना? आता तिथून पुढं गणिताचा माग काढ." गणिताचा माग मला आजतागायत लागलेला नाही. दूधवाला हिशेब सांगतो आणि मी मान हलवते.

आप्पाचा जोडीदार काशिनाथकाका. आमच्याच गावचे, पण वेशीपलीकडच्या वस्तीतले. लहानपणी आप्पा मेंढरं घेऊन वस्तीवरून जायचा तेव्हा दोघांची ओळख झाली, म्हणजे लांबून. एकमेकांजवळ बसायला त्यांना शहरात यावं लागलं. कारखान्यात दोघं एकाच प्रेसवर: एकानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं दाब सोडायचा. पत्रा सरकवणाऱ्यानं हात बाहेर काढून "हां!" म्हटल्याशिवाय दाब सोडायचा नाही. त्या खात्यात सगळी बोटं शाबूत असलेली माणसं थोडी होती, त्यांत हे दोघं. जेवायलाही शेडमागच्या लिंबाखाली एकत्र. काशिनाथकाकांच्या डब्यातली मिरचीची भाजी आप्पा ओरपायचा आणि दुपारभर पाणी पीत बसायचा.

काका सुट्टीच्या दिवशी आमच्याकडं यायचे आणि बाहेर ओट्यावर बसायचे. चहा बाहेर, गप्पा बाहेर. असं वर्षभर चाललं. एक दिवस ते गेल्यावर आप्पा बराच वेळ ओट्याकडं बघत राहिला. मग मोठ्या मायला म्हणाला, "त्याला आत ये म्हणून आपण कधी म्हणलंच नाय गं. मला वाटायचं, त्याला वारा आवडतो." पुढच्या सुट्टीला आप्पानं काकांचा दंड धरून त्यांना आत आणलं आणि मधल्या खोलीत पाटावर बसवलं. काकांनी चहा घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, वारा बी आवडतो मला." दोघं इतके हसले की मोठ्या मायच्या हातातली बशी हिंदकळली. ती हसत नव्हती. पण पुढं तिनंही पाट मांडायला सुरुवात केली.

ते दिवस विद्यापीठाच्या नावाचे होते. नाव बदला म्हणून मोर्चे निघायचे, बदलू नका म्हणूनही निघायचे. भिंती रंगलेल्या. काशिनाथकाका पाळी संपवून, धुतलेला पांढरा सदरा घालून मोर्च्याला जायचे. आप्पाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. त्याला कळायचं एवढंच, की आपला जोडीदार शिकल्यासवरल्या पोरांच्या पुढं चालतो.

त्या उन्हाळ्यात आप्पा मला घेऊन गावाला गेला. पारावर माणसं बसली होती, दादाही होते. मी आप्पाला टेकून शेंगा खात होते. कुणीतरी शहराची खबर विचारली आणि आप्पा खुलला. पोळ्याला आपला बैल पहिला आल्यासारखं सांगायला लागला. "आपला काशिनाथ मोर्च्यात सगळ्यांच्या म्होरं! झेंडा त्याच्या हातात. असा छातीला लावून चालला, गड्या, बघत राहावं!"

"कोण, वेशीपलीकडचा?" एकानं विचारलं.

"व्हय, त्योच."

"म्हातारा-म्हातारी अजून हितंच हायत ना त्याची?"

"हितंच. शेवटच्या घरात. शहरात करमत नाय म्हणतो म्हातारा."

"असं का," तो म्हणाला. दादा बिडी विझवून उठले. आप्पा आपला झेंडा कसा धरला होता ते हातानं दाखवत राहिला.

पावसाळ्यात विधानसभेत नावाचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आगी लागल्या. आमच्या गावात एकच घर जळलं, काशिनाथकाकांचं. म्हातारी बाहेर निघाली. म्हातारा शेळी सोडायला पुन्हा आत गेला आणि वरून आढं कोसळलं. त्याला शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलं, पण तो वाचला नाही. गाव म्हणालं, बाहेरची माणसं होती. गाव दर वेळी असंच म्हणतं. पण वस्तीत इतकी घरं असताना बाहेरच्यांना नेमकं तेच कसं सापडलं, हे कुणी विचारलं नाही. आप्पानं विचारलं, आणि पहिल्या गाडीनं गावाला गेला.

परत आला तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं होतं. पाय न धुता तो उंबऱ्यात बसला.

"माग निघाला," म्हणाला.

"कुणाचा?" मोठ्या मायनं विचारलं.

"माझा. पारावर माझं तोंड सुटलं. घर मीच दावलं."

मोठी माय खाली बसली. "तुम्ही काय काडी लावली का? गप ऱ्हावा. कुणाला बोलू नगा."

त्याच आठवड्यात दादा शहरात आले. त्यांचंही तेच. "आप्पा, झालं ते झालं. तू कशापायी वढून घेतो अंगावर? तू जाळलं का?" आप्पानं धाकट्या भावाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "नाय. मी नाय जाळलं." मला तेव्हा वाटलं, दादांनी समजूत घातली, बरं झालं.

पण आप्पा गप राहणाऱ्यातला नव्हता. चौकशीला पोलीस आले तेव्हा त्यानं तेच सांगितलं, चूक माझी, माझं तोंड सुटलं. फौजदारानं विचारलं, जाळलं कुणी? आप्पा म्हणाला, मी माझ्यापुरतं सांगतो. गावाला तर बरंच झालं. जो तो म्हणू लागला, आप्पानंच सांगितलं म्हणे घर. बाकीच्यांची नावं त्यात बुडाली. चौकशी संपली, कुणाला काही झालं नाही.

काशिनाथकाका बापाचं सगळं उरकून कामावर परत आले, त्या दिवशी लिंबाखाली आप्पानं त्यांनाही सांगितलं. हे आप्पानंच मला पुढं एकदा सांगितलं, एकदाच. काकांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली भाकरी तशीच होती.

"आणि म्होरं?" त्यांनी विचारलं.

"म्होरं काय?"

"तुझा माग पारापर्यंत आला. तिथून म्होरं, आप्पा. माझ्या घरापासचा."

"मला एवढाच निघाला."

"तुला?" काका म्हणाले. "तुला एवढाच?" त्यांनी डबा बंद केला. "मग हे मला कशाला सांगितलं? तुझं हलकं झालं, माझं जड."

त्यानंतर ते आप्पाशी बोलले नाहीत. दिवस नाही, महिने नाही, वर्षं. आणि काम एकाच प्रेसवर. मुकादमानं काकांना विचारलं, "मशीन बदलून देऊ का?" काका म्हणाले, "नको. हाताला धोका नाय त्याच्यापासून." फक्त "हां" म्हणायचं त्यांनी सोडलं. पत्रा सरकवून झाला की सांडशीनं प्रेसच्या पायावर एक ठोका मारायचे, आणि आप्पा दाब सोडायचा. दिवसभर ठोका, दाब, ठोका, दाब. आप्पा घरी येऊन मोठ्या मायला सांगायचा, "आज त्याला सर्दी झालीय." किंवा, "आज त्यानं नवी चप्पल घातलीय." ज्या माणसाशी बोलणं नाही त्याची इतकी खबर मी दुसऱ्या कुणाकडं ऐकली नाही.

आप्पा बदलला. म्हणजे माग काढायचाच बंद झाला. खाला एकदा पाण्यावरून भांडायला आली, तर तो उठून गेला नाही. उभा राहिला, आवाजाला आवाज लावला, तिच्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत पोचला आणि भांडण पार तळापर्यंत पुरं केलं. खाला रडत आत गेली. "ये कैसा हो गया आदमी," म्हणत होती. मोठ्या मायला शेवटी भांडायला माणूस मिळाला, पण तिनं कधी भांडण काढलं नाही. भीती वाटायची, म्हणाली.

हल्ली माझी लेक फोनवर कुणाकुणाचं ऐकते. स्वतःत डोकावा, आपल्या चुका ओळखा, आयुष्य बदलेल. मीही डोकावून बघते अधूनमधून. मला बहुतेक वेळा फ्रीजमधली उरलेली बासुंदी दिसते. चेष्टा सोडा, चांगलंच आहे ते. पण त्या फोनवाल्यांपैकी एकानंही मला हे सांगितलेलं नाही, की माणूस आपल्या चुकीच्या आड लपूनही बसू शकतो. आप्पासारखा सरळ माणूसही. सगळे म्हणायचे, बघा, आपला दोष कसा पदरात घेतो. तोही तसंच म्हणत असेल स्वतःला. आणि काशिनाथकाकांनी एकदा, फक्त एकदा "आप्पा" म्हणावं, म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत होता. त्याला दुसरं काही नको होतं.

वर्षं गेली. वाळूजकडंही कारखाने आले, सायकली जाऊन लुना आल्या, गारखेड्यातली ज्वारी संपून सिमेंट आलं. माझं लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडंच. शेजारचं स्थळ म्हणून हुंडा वाचला आणि आमच्या ह्यांना सासुरवाडीचं कौतुक कायमचं संपलं. काका निवृत्त झाले, मागोमाग आप्पाही. ठोकाही बंद झाला. मग आप्पाच्या छातीत दुखणं सुरू झालं, पाय सुजले आणि त्यानं मधल्या खोलीत खाट धरली.

संक्रांतीच्या दिवशी, इतकी वर्षं रखडलेलं विद्यापीठाचं नाव झालं. शहरात कुठं फटाके, कुठं बंदोबस्त. मी माहेरी तिळगूळ घेऊन आले होते, कडेवर लेक होती. दारात कुणीतरी उभं राहिलं. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, केस पूर्ण पिकलेले. मोठी माय बघतच राहिली, तिला 'या' म्हणायचंही सुधरेना. काका स्वतःच आत आले आणि खाटेपाशी उभे राहिले.

"आप्पा," म्हणाले.

आप्पा उठायला लागला, जमलं नाही.

"नाव झालं," काका म्हणाले.

"ऐकलं. बरं झालं."

"निम्मं झालं. जुनं बी ठेवलं, नवं बी लावलं." पेढ्यांचा पुडा त्यांनी खाटेच्या कडेला ठेवला. "सरकारनं निम्मं दिलं. तू बी मला निम्माच दिला व्हता. सरकार आता आणखी देत नाय. तू देतो का, ते बघाया आलो."

आप्पानं माझ्याकडं बघितलं. "सुमे, बाहेर जा जरा."

"राहू दे तिला," काका म्हणाले. "लेकरू नाय ती आता."

बाहेर पोरं पतंगाच्या मागं ओरडत होती. मग आप्पा बोलायला लागला. माझ्याकडं बघत नव्हता, काकांकडंही नाही; वर आढ्याकडं बघत होता.

"पाऊस होऊन गेला व्हता. तुझ्या घरामागं चिखल व्हता, उमटलेलं सगळं दिसत व्हतं. गावचेच व्हते." त्यानं दोन नावं घेतली. मी ती लिहीत नाही. एक मेला, एकाची नातवंडं माझ्या लेकीबरोबर शिकली. "त्ये पांदीनं गेले. तिसरा ओढ्यातनं गेला, पाण्यातनं, माग लागू नये म्हणून. पर मला ठावं, कुठं वर निघतंय माणूस. आमच्या मेंढवाड्यापाशी निघाला. डावा पाय बाहेर टाकत चालला व्हता."

डावा पाय बाहेर टाकून चालणारं गावात एकच माणूस होतं. लहानपणी एडक्यानं धडक देऊन मोडला होता तो पाय, आणि हाडवैद्यानं वाकडा बसवला होता. मी त्या चालीमागून शेतावर गेलेली आहे. त्या खांद्यावर बसून जत्रा बघितली आहे.

"लहानू," काका म्हणाले. माझ्या वडिलांचं नाव.

"व्हय."

"तवाच का नाय बोलला?"

"भाऊ हाय रं माझा."

"माझा बाप व्हता."

आप्पाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहायला लागलं. "म्हणून तर मी माझ्यावर घेतलं, काशिनाथ."

"तुझ्यावर मावण्यासारखं नव्हतं ते." काकांचा आवाज चढला नव्हता. "तू एक शब्द बोलला, कौतुकानं बोलला. तेवढंच तुझं. बाकीचं ज्याचं त्याचं व्हतं. समदं तू पांघरून बसला, आन् ते सुटले."

मला वाटलं, आता ते निघून जातील. ते गेले नाहीत. खाटेच्या कडेवर बसले आणि मोठ्या मायला म्हणाले, "वहिनी, च्या टाका." आप्पानं त्यांच्या मनगटाला धरलं होतं, ते चहा येईपर्यंत सोडलं नाही. मी लेकीला घेऊन मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. बाहेर आले तेव्हा दोघं म्हातारे जुन्या मुकादमाच्या नकला करत होते, आणि आप्पाला हसताना धाप लागत होती.

तिथून पुढं काका रोज यायला लागले. आप्पानं नाव घेतल्याचं दादांना मात्र कुणीतरी कळवलं. मोठी मायच असणार. त्यांचं येणं थांबलं. आधी महिन्यातून एकदा तरी यायचे, भावाला तूप आणायचे. आता निरोप गेले, मी स्वतः गेले. दारातूनच म्हणाले, "मेंढरं सोडून कसं यावं?" मी विचारायचं ते विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तोंडावर नाय बोलला कधी. येवढी वर्षं तूप घेत राहिला माझ्या हातचं." एवढंच, आणि वाकड्या पायानं कळपात शिरले.

आप्पा दाराशी चाहूल लागली की विचारायचा, "लहानू का?" बहुतेक वेळा काशिनाथकाका असायचे. "न्हाय, मी," ते म्हणायचे आणि आत येऊन बसायचे. कुणाला बोलावून आणावं, कुणाला नको, यातलं त्या दोघांत काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

चैत्रात आप्पा गेला. टेम्पोतून गावाला नेला. ओढ्याच्या काठी सरण रचलं. मूल नाही, तेव्हा अग्नी भावानं द्यायचा. दादा आले होते. सगळ्यांच्या मागं, डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे होते. त्यांना पुढं आणलं, खांद्यावर मडकं दिलं, फेऱ्या झाल्या, मडकं फुटलं. मग एका म्हाताऱ्यानं त्यांच्या हातात पेटता चूड दिला.

दादा उभे राहिले. चूड जळत हाताकडं यायला लागला. कुणीतरी म्हणालं, "लाव की लहानू, भाजंल." ते हलले नाहीत. बायकांना तिथं जाऊ देत नाहीत, मी लांब टेम्पोपाशी उभी होते, पण त्यांचा हात मला तिथूनही दिसत होता. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, आता चूड खाली टाकतील आणि पळतील.

काशिनाथकाका गर्दीतून पुढं आले. गाव बाजूला झालं, लगेच झालं. ते दादांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"लाव," म्हणाले. "आता उजेडात लाव. समदे बघत्यात."

दादांनी लावला. चूड टाकला आणि तिथंच मातीत बसले. काका मागं सरकले आणि थोड्या अंतरावर तेही बसले. रीतीप्रमाणं सगळे मागं न बघता परत फिरले. टेम्पोवाला घाई करत होता, त्याला दुसरं भाडं होतं. त्यानं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही. आमच्यातल्या एकानं म्हटलं, जाऊन उठवा त्यांना. पण कुणाला आधी हाक मारायची, ते कुणाला ठरवता येईना.